पीळ

नवतपा लागला होता.
अजनीकडून गाड्यांचे आवाज यायचे
आणि भिंतीपाशी थांबायचे.
भिंत रात्री दोनलाही तव्यासारखी.
मी पाठ टेकत नव्हतो,
तशीही टेकण्यासारखी त्यांनी ती ठेवली नव्हती.

चौकीतल्या सतरा दिवसांचं
मी वकिलालाही सगळं सांगितलेलं नाही.
इथेही सांगणार नाही.
उजव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही,
एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कांबळ सरकारी, काळी, टोचरी,
एका कडेनं उसवत चाललेली.
एका रात्री मी ठरवलं.
ठरवल्यावर कसं वाटतं
हे सांगायला सहसा कुणी मागे येत नाही.
मी आलोय म्हणून सांगतो :
हलकं वाटतं. भूकही लागते.
सुकराम उईके ताट सरकवताना म्हणाला,
"आज सारं खाल्लं गा? बरं हाय."

धागे ओढले. सहा, मग बारा.
मांडीवर वळत गेलो.
बारडे शिपायाचे बूट लांब गेले की वळायचं,
जवळ आले की घोरायचं.
पहाटेपर्यंत हातभर दोर झाला.
अंधारात बोटांनी चाचपला
आणि मला लाज वाटली.

गाठाळ. इथे जाड, तिथे सुतळी.
पीळ मध्येच उलटा गेलेला.
तांडापेठेत बाबानं हा बघितला असता
तर धोटा फेकून मारला असता :
"कोष्ट्याचं पोट्टं अन् असा पीळ?
यानं बकरी बी बांधता नाई येत बे."

उसवला.
दुसऱ्या रात्री पुन्हा. पुन्हा उसवला.
तिसऱ्या रात्री हाताला घाम फार होता.
पाचव्या रात्री बरा जमत होता, तर दिवे लागले, झडती.

लोक विचारतात, कशाच्या बळावर काढलेस ते दिवस?
त्यांच्या डोळ्यांत उत्तर आधीच असतं,
देव, आई, न्यायावरचा विश्वास.
मी मान हलवतो.
खरं एवढंच, की दोर मनासारखा होत नव्हता.

अकराव्या रात्री झाला.
टोकापासून टोकापर्यंत एकसारखा,
बोट फिरवलं तर कुठे अडेना.
आता काही निमित्त उरलं नाही.
मांडीवर घेऊन बसलो.
साहेबाच्या ऑफिसातला कूलर कुणी बंद करायला विसरलं होतं,
त्याच्या ओल्या खसचा वास
कसा कोण जाणे, माझ्यापर्यंत आला.
वर गज होता. दोर होता.
आणि मनात आलं, माझ्या बापाच्या हाताचा हा पीळ
मी यांच्या गजाला बांधू?

नाही दिला.

मग तो सुटा केला.
अंगठ्याला ताणा अडकवला, नख नसलेल्या,
सुरुवातीला डोळ्यांत पाणी यायचं, मग सवय झाली.
बनियनचा पांढरा, कांबळीचा काळा,
बाण्याला काडी.
करवतकाठ घातला.
ते खरं तर दोघांचं काम,
बाबा इकडून धोटा टाकायचा, आई तिकडून परत द्यायची,
मध्ये बोलणं नाही, फक्त खटखट.
इथे उजवा हात बाबा झाला,
डावा, जो अजून नीट मिटत नाही,
तो आई.
ती उशिरा द्यायची. मी थांबायचो.

करवतीचा एक दात म्हणजे एक रात्र.
मोजत नव्हतो असं म्हणणार नाही.

एकोणतीस दात झाले तेव्हा सापडला.
बारडेनं वहीत लिहिलं : चिंधी, नग एक.
मी म्हटलं, साहेब, काठ लिहा.
"काय?"
काठ. लुगड्याचा.
थप्पड बसली. ऐकू यायचं थांबलं, मग हळूहळू आलं.
तो जाताना दारात उभा राहून
ती वीतभर पट्टी उजेडाकडे धरून
बराच वेळ उलटसुलट बघत होता.

वहीत काय लिहिलं, मला माहीत नाही.
त्या रात्री मी नव्या कांबळीची
कड शोधत होतो.